पदवी १८५२ ला, स्वतःचा वॉर्ड १८६१ ला : सर्जन जोसेफ लिस्टर यांची नऊ वर्षांची तयारी

स्मृतिदिन विशेष

१० फेब्रुवारी हा थोर शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांचा स्मृतिदिन. १९१२ साली याच तारखेला इंग्लंडमधल्या वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ऑपरेशन करताना हात, हत्यारं आणि जखम जंतूंपासून दूर ठेवायची असते, ही गोष्ट आज तालुक्याच्या दवाखान्यातल्या आया-मावशींनाही माहीत असते. दीडशे वर्षांपूर्वी ती भल्याभल्या सर्जनांना माहीत नव्हती. ती पटवून देणारा माणूस म्हणून लिस्टर ओळखले जातात.

या शोधाच्या आधीची त्यांची वर्षं मात्र फारशी सांगितली जात नाहीत. परीक्षा पास झालेला, हातात कसब असलेला हा तरुण स्वतःच्या जबाबदारीचे रुग्ण मिळावेत म्हणून किती वर्षं थांबला, त्या काळात त्याने काय केलं आणि शेवटी वॉर्ड मिळाल्यावर त्याच्या वाट्याला काय आलं, हा भाग जाणून घेण्यासारखा आहे. पुढचा शोध या वर्षांतूनच निघाला.

घरातच सूक्ष्मदर्शक

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ चा. गाव लंडनच्या पूर्वेला असलेलं अप्टन. घराणं क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती धर्मातला साध्या राहणीचा पंथ. साधे कपडे, साधं बोलणं, नाचगाणं नाही. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर दारूचे व्यापारी. धंदा वाइनचा, पण जीव सगळा काचेच्या भिंगांत. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत अशी सुधारणा केली की आधी धूसर आणि रंगीत कडांची दिसणारी वस्तू स्वच्छ दिसू लागली. त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. अशा घरात वाढलेल्या मुलाला सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय लहानपणीच लागली. त्या काळातल्या बहुतेक सर्जनांना ती नव्हती. सर्जनचं काम म्हणजे करवत आणि चाकू, अशीच समजूत होती.

क्वेकर असल्यामुळे ऑक्सफर्ड, केंब्रिजचे दरवाजे त्यांना बंद होते. म्हणून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथल्याच रुग्णालयात २१ डिसेंबर १८४६ ला रॉबर्ट लिस्टन या नामांकित सर्जनने रुग्णाला ईथर हुंगवून त्याचा पाय मांडीतून कापला. लिस्टन आणि लिस्टर या नावांत गल्लत होते, पण ही दोन वेगळी माणसं. त्या दिवसापासून इंग्लंडात ऑपरेशनच्या टेबलावरच्या किंकाळ्या कमी होऊ लागल्या. दुखणं गेल्यावर सर्जन जास्त ऑपरेशनं करू लागले, जास्त वेळ घेऊन करू लागले. त्यामुळे दुसरी गोष्ट ठळकपणे दिसू लागली. ऑपरेशन झक्क व्हायचं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जखम सडून माणूस जायचा.

लिस्टर यांचं शिक्षण सरळ झालं नाही. मोठा भाऊ वारला. स्वतःला देवी आल्या. त्यातून बरे झाले, पण मन खचलं. १८४८ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते बरेच महिने आयर्लंडकडे फिरत राहिले. डॉक्टरकी सोडून धर्मकार्याला वाहून घ्यावं, असंही त्यांच्या मनात आलं होतं. वडिलांनी दटावलं नाही, समजावलं. १८४९ मध्ये ते परत आले आणि अभ्यासाला लागले.

मध्यरात्रीचं पहिलं ऑपरेशन

१८५१ मध्ये ते जॉन एरिक्सन या सर्जनच्या हाताखाली हाउस सर्जन होते. २७ जूनच्या पहाटे, रात्री एकच्या सुमारास, पोलीस एका बाईला घेऊन रुग्णालयात आले. नवऱ्याने पोटात सुरी खुपसली होती. आतडं बाहेर आलेलं आणि त्यालाही कापल्याची जखम. वरिष्ठ हजर नव्हते. जे काय करायचं ते चोवीस वर्षांच्या हाउस सर्जनलाच करायचं होतं.

त्या काळी पोटाला हात लावायला मोठमोठे सर्जनही धजत नसत. लिस्टर यांनी क्लोरोफॉर्म दिला, आतडं धुऊन घेतलं, फाटलेला भाग रेशमी धाग्याने शिवला, पोटाची जखम थोडी मोठी करून आतडं आत सरकवलं आणि टाके घातले. बाई वाचली. पुढे नवऱ्यावर खटला चालला तेव्हा लिस्टर यांना लंडनच्या न्यायालयात साक्ष द्यावी लागली. नवऱ्याला वीस वर्षं देशाबाहेर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लिस्टर यांनी या प्रकरणाचा गवगवा कधी केला नाही. शतकाहून जास्त काळ लोकांना ते माहीतही नव्हतं.

म्हणजे हात तयार होता. १८५२ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली, त्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिपही मिळाली. कागदोपत्री ते पूर्ण सर्जन झाले. दुसरा कोणी असता तर पाटी लावून मोकळा झाला असता.

पण एरिक्सन यांच्या वॉर्डात त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, ती डोक्यातून जात नव्हती. वॉर्डात गँगरीनची साथ आली होती. बऱ्या होत आलेल्या जखमा अचानक काळ्या पडून सडायच्या. लिस्टर यांना त्या जखमा खरवडून जळजळीत औषध लावायचं काम होतं. बहुतेक जखमा त्यानंतर सुधारल्या, काही नाही सुधारल्या. तेव्हा सगळे म्हणत की वॉर्डातली हवाच वाईट, त्याला इलाज नाही. हवा वाईट असेल तर जखमेवर लावलेल्या औषधाने गुण का यावा, असा प्रश्न लिस्टर यांना पडला. जखमेतली घाण काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. ठोस काही सापडलं नाही. पण दुखण्याचं मूळ जखमेतच कुठेतरी आहे, हा संशय तेव्हापासून मनात बसला.

महिन्याभरासाठी गेले, सात वर्षं राहिले

युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम शार्पी नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी लिस्टर यांना सल्ला दिला की थेट दुकान मांडू नकोस, आधी दुसऱ्यांचं काम बघ. एडिंबरा शहरात जेम्स साइम यांच्याकडे महिनाभर थांब, मग युरोपातली रुग्णालयं पालथी घाल. सोबत एक शिफारसपत्र दिलं. सप्टेंबर १८५३ मध्ये ते पत्र खिशात घालून लिस्टर स्कॉटलंडला पोचले.

साइम हे त्या काळचे अव्वल सर्जन. बोलणं कमी, रक्त सांडणं त्याहून कमी. स्वभाव मात्र तापट. भांडायला उभे राहिले की मागे हटायचे नाहीत. नम्र, हळू बोलणारे आणि अधूनमधून अडखळणारे लिस्टर त्यांच्याशी जमवून घेतील असं कोणाला वाटलं नसावं. पण दोघांची गाठ पक्की बसली. साइम यांनी त्यांना आधी मदतनीस म्हणून ठेवून घेतलं आणि १८५४ च्या सुरुवातीला निवासी हाउस सर्जनची जागा दिली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लिस्टर लंडनमध्ये हे काम करून आलेले होते. वर फेलोशिपही घेतलेली. हाउस सर्जनची जागा नुकत्याच शिकून निघालेल्या पोरांची. आपल्याकडे एमएस झालेल्या डॉक्टरला पुन्हा इंटर्नच्या खोलीत राहायला सांगितलं तर काय होईल? लिस्टर यांनी मात्र कमीपणा मानला नाही. लंडनमध्ये वर्षभरात दिसले नसते तितके रुग्ण इथे थोड्या महिन्यांत दिसत होते. शिवाय साइम ऑपरेशन करताना शेजारी उभं राहायला मिळत होतं. युरोपचा दौरा राहून गेला. महिनाभराचा मुक्काम सात वर्षांचा झाला.

त्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. रिचर्ड मॅकेन्झी हे साइम यांचे सहकारी, पुढेमागे त्यांचीच गादी चालवतील असं सगळे धरून चालले होते. ते अनुभव घ्यायला रणांगणावर गेले आणि सप्टेंबर १८५४ मध्ये पटकीने वारले. एडिंबऱ्यात सर्जरी शिकवणाऱ्याची एक जागा रिकामी झाली. एकाच्या मरणाने दुसऱ्याची वाट मोकळी व्हावी, हे तेव्हा वैद्यकात फार घडायचं. लिस्टर त्या जागेसाठी पुढे झाले. नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी व्याख्यानं सुरू केली. पहिलं व्याख्यान त्यांनी लिहून आणलेल्या कागदांवरून वाचलं.

बेडकाच्या पायाचा पडदा

शिकवायला उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जखमेला सूज येते, ती लाल होते, तापते, पुढे पू होतो, हे सगळं सर्जन रोज बघतात, पण ते नेमकं कसं होतं हे कोणीच धड सांगू शकत नाही. पू झाला तर बरंच, जखम भरायला लागली, असंही मानणारे पुष्कळ होते. जे आपल्याला कळलं नाही ते विद्यार्थ्यांना कसं शिकवायचं?

मग त्यांनी बेडूक आणले. बेडकाच्या मागच्या पायाच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला की बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त धावताना जिवंत दिसतं. त्या पडद्याला गरम पाणी लावायचं, मोहरी लावायची, आणि रक्तवाहिन्या कशा आधी आखडतात, मग फुगतात, रक्त कसं मंदावतं आणि थबकतं, ते तासन्‌तास टिपून ठेवायचं. हे काम दिवसभराच्या कामानंतर घरी चालायचं. त्यावरचा त्यांचा निबंध १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

टिपणं लिहून घ्यायला घरात हक्काचं माणूस होतं. एप्रिल १८५६ मध्ये त्यांचं लग्न साइम यांची मुलगी अ‍ॅग्नेस हिच्याशी झालं. ती क्वेकर नव्हती, म्हणून लिस्टर यांना पंथ सोडावा लागला. त्यांच्या घरच्यांना चर्चमध्ये अवघड वाटू नये म्हणून लग्न साइम यांच्या घरच्या दिवाणखान्यातच उरकलं. लग्नानंतर दोघं काही महिने युरोपात फिरले. नवरा-बायको सहलीला गेले, पण बघितली काय तर इटली, ऑस्ट्रिया आणि जर्मनीतली रुग्णालयं! शार्पी यांनी सांगितलेला दौरा असा तीन वर्षांनी पुरा झाला. व्हिएन्नातही मुक्काम झाला. त्याच शहरात नऊ वर्षांपूर्वी इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी हात क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावून मृत्यू कमी करून दाखवले होते. पण त्याची कोणी कदर केली नाही, तो शहर सोडून गेला होता. लिस्टर यांच्या कानावर त्याचं नावही आलं नाही. आलं असतं तर पुढची कितीतरी वर्षं वाचली असती.

परत आल्यावर ऑक्टोबर १८५६ मध्ये एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत ते असिस्टंट सर्जन झाले. ऑपरेशनं मिळू लागली. पण अखेर ते सहायकच. मुख्य नाव सासऱ्यांचं.

पद मिळालं, खाटा नाहीत

जानेवारी १८६० मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या सर्जरीच्या प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली. ही राजनियुक्त जागा, मोठ्या मानाची. उमेदवार बरेच होते. रुजू होताना रिवाजाप्रमाणे लॅटिन भाषेत प्रबंध सादर करावा लागला, तोही केला. व्याख्यानाची खोली कळकट होती, ती त्यांनी स्वतःच्या खर्चाने रंगवून घेतली. वर्ग विद्यार्थ्यांनी भरून गेला.

पण एक अडचण होती. प्राध्यापकपद विद्यापीठाचं आणि खाटा ग्लासगो रॉयल इन्फर्मरीच्या. इन्फर्मरीचा कारभार वेगळ्या मंडळाकडे. प्राध्यापक झाले म्हणून वॉर्ड मिळेलच असं नाही. तालुक्याला सर्जन नेमावा आणि ऑपरेशन थिएटरला कुलूप असावं, तसाच प्रकार. लिस्टर मंडळाच्या प्रमुखाला भेटायला गेले. तो चपला-बुटांच्या धंद्यातला माणूस. विद्यार्थ्यांना रुग्ण दाखवल्याशिवाय सर्जरी शिकवता येत नाही, हे लिस्टर यांनी त्याला परोपरीने सांगितलं. त्याचं म्हणणं एकच, इन्फर्मरी ही लोकांना बरं करायची जागा आहे, शिकवायची नाही. अर्ज नामंजूर झाला.

पुढचं दीड वर्ष असंच गेलं. तेहतीस-चौतीस वर्षांचं वय, रॉयल सोसायटीची सदस्यता, राजनियुक्त प्राध्यापकी, आणि ताब्यात एकही खाट नाही. मंडळाच्या त्या प्रमुखाला नावं ठेवणं सोपं आहे. पण गोरगरिबांना विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचं का, हा त्याचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. आजही मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात दहा पोरं भोवती उभी राहिली की रुग्णाच्या मनात तोच प्रश्न येतो.

लिस्टर यांनी आदळआपट केली नाही. शिकवणं चालू ठेवलं, प्रयोग चालू ठेवले, पुन्हा अर्ज केला. अखेर ऑगस्ट १८६१ मध्ये इन्फर्मरीत सर्जन म्हणून त्यांची निवड झाली. पदवीनंतर नऊ वर्षांनी स्वतःचे वॉर्ड मिळाले.

स्वतःचे वॉर्ड, स्वतःचे मृत्यू

इमारत कोरी होती. इन्फर्मरीचा सर्जिकल विभाग त्याच वर्षी बांधून झाला होता. उंच छत, मोठ्या खिडक्या, खेळती हवा. नव्या इमारतीत जुने रोग राहणार नाहीत, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण तळमजल्यावरच्या अपघात वॉर्डात माणसं मरतच राहिली. गँगरीन, धावरं, रक्तात विष भिनणं, सगळं तिथे होतं. पुढे कारण शोधताना भिंतीलगतची जमीन उकरली तेव्हा कळलं की १८४९ च्या पटकीच्या साथीत मेलेल्या माणसांच्या शवपेट्या तिथे एकावर एक पुरलेल्या आहेत. वरची पेटी जमिनीपासून काही इंचांवर.

सहायक असताना रुग्ण दगावला तर तो मुख्य सर्जनचा रुग्ण असतो. आता तसं नव्हतं. १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत लिस्टर यांनी हातपाय कापण्याची ३५ ऑपरेशनं केली, त्यांतले १६ रुग्ण गेले. म्हणजे जवळजवळ निम्मे. ऑपरेशनमध्ये चूक नव्हती. हात सफाईचा होता. साइम यांच्याकडे शिकलेलं सगळं कसब वापरून झालं होतं. स्वच्छ टॉवेल, हात धुणं यावर त्यांचा आधीपासून कटाक्ष होता. तरीही जखमा सडत होत्या.

हाड मोडून कातडी फाटली असेल तर सगळ्यात वाईट. गिरण्या, कारखाने, बंदर आणि घोडागाड्यांच्या त्या शहरात असे अपघात रोजचे. कातडी शाबूत असेल तर मोडलेलं हाड बिनतक्रार सांधायचं. कातडीला बारीक भोक पडलं तरी पाय कापावा लागायचा, नाहीतर जीव जायचा. हाड तेच, मोड तीच, फरक फक्त त्या भोकाचा. हवेतून काहीतरी आत शिरतं हे उघड होतं. पण काय शिरतं?

याचं उत्तर सर्जनकडून आलं नाही. १८६५ मध्ये ग्लासगोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी त्यांचं लक्ष फ्रान्समधल्या लुई पाश्चर यांच्या कामाकडे वेधलं. दूध नासतं, द्राक्षाचा रस आंबतो, मांस कुजतं, ते हवेमुळे नाही, हवेतल्या धुळीबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असं पाश्चर दाखवत होते. बेडकाच्या पडद्यावर वर्षं घालवलेल्या माणसाला एवढा दुवा पुरला. जखम सडते तीही याच जिवांमुळे. मग त्यांना जखमेत शिरण्याआधीच मारलं पाहिजे. पाश्चर उकळायचे किंवा गाळायचे. माणसाचा पाय उकळता येत नाही. म्हणजे औषध हवं.

ते गटारात सापडलं. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला डांबरापासून निघणारं कार्बोलिक आम्ल टाकत. वास तर गेलाच, पण त्या सांडपाण्यावर भिजलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांना होणारा परजीवींचा त्रासही थांबला, असं लिस्टर यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनी ते आम्ल मागवलं. पहिला प्रयत्न त्याच वर्षी मार्चमध्ये केला, तो फसला.

१२ ऑगस्ट १८६५ ला जेम्स ग्रीनलीस नावाच्या ११ वर्षांच्या पोराला इन्फर्मरीत आणलं. रिकाम्या गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं होतं. हाड मोडलेलं आणि कातडी फाटलेली. नेहमीचा रस्ता म्हणजे पाय कापणं. लिस्टर यांनी पाय ठेवायचा ठरवला. पोराच्या जिवाशी खेळ होता, हे त्यांना नक्की कळत असणार. कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी जखमेवर बसवली, पायाला फळ्या बांधल्या आणि वाट बघितली.

चार दिवसांनी पट्टी सोडली. एरवी याच दिवशी वास सुटायचा. वास नव्हता, पू नव्हता. आम्लाने कातडी थोडी भाजली होती, म्हणून पुढे ते पातळ करून लावलं. सहा आठवड्यांनी हाड सांधलं आणि पोरगा दोन्ही पायांवर घरी गेला. हात धुवायला सांगणारा सेमेलवाइस याच आठवड्यात, १३ ऑगस्टला, व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. जखम सडून रक्तात विष भिनल्याने.

सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन

अशा ११ रुग्णांची हकीकत लिस्टर यांनी १८६७ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकातून मांडली. नऊ जण पायासकट बरे झाले. एकाचा अवयव कापावा लागला, एक दगावला. जे बिघडलं तेही त्यांनी लपवलं नाही.

त्याच वर्षी बहीण इझाबेला त्यांच्याकडे आली. स्तनात कर्करोगाची गाठ. इतर सर्जन हात लावायला तयार नव्हते. अशा मोठ्या जखमेतून बाई उठत नाही, हा त्यांचा अनुभव. लिस्टर एडिंबऱ्याला जाऊन साइम यांच्याशी बोलले, मृतदेहावर सराव करून पाहिला आणि जूनमध्ये ग्लासगोतल्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन केलं. हत्यारं, हात, जखम, सगळं कार्बोलिकने धुतलं. जखम न सडता भरली. रोग पुढे परत आला, पण त्याआधी तिला तीन वर्षं मिळाली.

इन्फर्मरीतले आकडेही बदलले. १८६७ ते १८६९ या काळात हातपाय कापण्याच्या ४० ऑपरेशनांत ६ मृत्यू झाले. तेच वॉर्ड, तीच पटकीच्या प्रेतांवरची जमीन आणि तोच सर्जन.

दरम्यान लिस्टर यांनी दुसरीकडच्या जागांसाठीही अर्ज केले होते. १८६४ मध्ये एडिंबऱ्यात आणि १८६६ मध्ये स्वतःच्या जुन्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, दोन्हीकडे नकार मिळाला. १८६९ मध्ये साइम यांच्या जागी ते एडिंबऱ्याला गेले. १८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने बोलावलं. ज्या शहरात बडे सर्जन त्यांना हसत होते, त्याच शहरात ऑक्टोबर १८७७ मध्ये त्यांनी एका रुग्णाचा गुडघा उघडून मोडलेली वाटी तारेने जोडली. सांधा उघडणं म्हणजे मरणाला बोलावणं, असं तेव्हा मानत. रुग्ण बरा झाला आणि हसणं थांबलं. पुढे सरदारकी आली, लॉर्ड ही पदवी आली, राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू कापण्याचा मान तर आधीच मिळाला होता. कार्बोलिकचा फवारा मात्र त्यांनी नंतर स्वतःच सोडून दिला. हवेपेक्षा हात आणि हत्यारांवरचे जंतू जास्त घातक, हे पटल्यावर आपलंच जुनं म्हणणं धरून बसले नाहीत.

१८९३ मध्ये इटलीत फिरायला गेले असताना अ‍ॅग्नेस वारल्या. मूलबाळ नव्हतं. प्रयोगांच्या वह्यांतली पानंच्या पानं त्यांच्या अक्षरातली आहेत. त्यांच्या मागे लिस्टर यांनी काम जवळजवळ आवरतं घेतलं. १९१२ मध्ये ते गेले तेव्हा प्रार्थनासभा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत झाली. पण दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे लंडनच्या हॅम्पस्टेड स्मशानभूमीत, अ‍ॅग्नेस यांच्या शेजारी करण्यात आलं.